न बोललेलं वाक्य

मराठीत ‘गृहीत धरणं’ हे बहुतेक वेळा तक्रारीच्या सुरात येतं. ‘तू मला गृहीत धरतोस,’ असं बायको नवऱ्याला म्हणते. निवडणुका जवळ आल्या की ‘मुस्लिम मतं गृहीत धरू नका’ असा इशारा आपल्या सभांमधून दिला जातो. दोन्हीकडे म्हणणं एकच असतं. आम्हाला न विचारता तुम्ही आमच्याबद्दल काहीतरी ठरवून टाकलंय आणि त्यावर पुढचे मजले चढवताय. हाच शब्द स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ‘गृहीतक’ होऊन येतो तेव्हा मात्र कोरडा वाटतो. ‘पुढील विधानात कोणते गृहीतक अध्याहृत आहे?’ हा प्रश्न वाचून मुलं जांभया द्यायला लागतात. मला वाटतं, बुद्धिमापनाच्या सगळ्या प्रकरणांत आपल्या मुलामुलींनी सर्वांत मन लावून शिकावं असं प्रकरण हेच आहे.

सोलापुरात आमच्या मोहल्ल्यातल्या शादीखान्याच्या वरच्या मजल्यावर एक अभ्यासिका आहे. दर रविवारी मी तिथे तर्काचा भाग शिकवतो. कुणी एमपीएससीची तयारी करतं, कुणी बँकेची, एखाद-दुसरा यूपीएससीची. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत 2011 साली सीसॅट आलं. 2015 पासून हा पेपर केवळ पात्रतेचा झाला, म्हणजे 200 पैकी 33 टक्के गुण मिळाले की पुरे. एमपीएससीनेही नंतर तोच मार्ग धरला. ‘पात्रतेपुरताच आहे’ म्हणून मुलं या पेपरकडे दुर्लक्ष करतात आणि दरवर्षी कितीतरी जण सामान्य अध्ययनात चांगले गुण मिळवूनही इथे अडकतात. यूपीएससीच्या या पेपरात 80 प्रश्न असतात, प्रत्येकाला अडीच गुण, आणि चुकलं की त्यातला एक तृतीयांश कापला जातो. उतारा देऊन ‘यात कोणती गृहीतकं धरली आहेत’ असं विचारणारे प्रश्न त्यात ठरलेले असतात. पर्याय वरवर सगळेच बरोबर दिसतात. गुण कापले जातात ते तिथेच.

या प्रश्नांची किल्ली ‘आवश्यक’ या एका शब्दात आहे. बोलणाऱ्याच्या मनात काय काय असू शकेल, हे इथे विचारलेलं नसतं. काय मानलं नाही तर त्याचं म्हणणंच उभं राहणार नाही, तेवढंच विचारलेलं असतं. मी वर्गात एक साधं विधान देतो:

‘गेल्या वर्षी अभ्यासिकेतल्या ज्या मुलांनी रोज वर्तमानपत्र वाचलं, त्यांचे गुण वाढले. म्हणून यंदा सगळ्या मुलांना रोज वर्तमानपत्र वाचायला लावावं.’

मग चार पर्याय. एक, गुण वाढण्यात वर्तमानपत्राचा काहीतरी हात होता. दोन, गुण वाढवण्याचा वर्तमानपत्र हा एकमेव मार्ग आहे. तीन, सगळ्या मुलांना वर्तमानपत्र वाचायला आवडतं. चार, जी मुलं आतापर्यंत वाचत नव्हती त्यांनाही वाचून काहीतरी फायदा होऊ शकतो.

आता प्रत्येक पर्याय उलटा करून विधानाशेजारी ठेवायचा. गुण वाढण्यात वर्तमानपत्राचा काहीच हात नव्हता, ती मुलं मुळातच जास्त अभ्यास करणारी होती, असं मानलं तर? शिफारस कोसळली. म्हणजे पहिला पर्याय आवश्यक. गुण वाढवण्याचे आणखी दहा मार्ग आहेत असं मानलं तर? शिफारस जागच्या जागी आहे. दहा मार्ग असले तरी हा अकरावा वापरता येतो. म्हणून दुसरा पर्याय बाद. उरलेल्या मुलांना काडीचाही फायदा होणार नाही असं मानलं तर? मग त्यांना कशाला वाचायला लावायचं? चौथा आवश्यक.

तिसऱ्या पर्यायापाशी वर्ग हमखास घसरतो. ‘सगळ्या मुलांना आवडतं’ याचं उलट काय, असं विचारलं की अर्धा वर्ग एका सुरात सांगतो, ‘कुणालाच आवडत नाही.’ पण ‘सगळे’चं उलट ‘कुणीच नाही’ असं नसतं. ‘निदान एक तरी तसा नाही’ एवढंच असतं. एका मुलाला वर्तमानपत्र आवडत नसेल तर शिफारस पडते का? नाही पडत. कारल्याची भाजी न आवडणाऱ्यालाही आई खायला घालतेच. म्हणून तिसराही बाद.

‘सगळे’ या शब्दाचं हे गणित मी जरा जास्तच वेळ शिकवतो. ‘सगळे मुसलमान असेच’ असं कुणी म्हणतो तेव्हा आपली मुलं चिडून ‘एकही मुसलमान तसा नाही’ हे सिद्ध करायला निघतात. त्याची गरज नसते. तसा नसलेला एक माणूस दाखवला की ते विधान खोटं ठरतं. उलट ‘एकही नाही’ म्हणणाऱ्याने स्वतःच्या डोक्यावर भलतंच ओझं घेतलेलं असतं. समोरच्याने एक नाव घेतलं की तो गारद. आपणही ‘ते सगळे तसेच’ म्हणतो तेव्हा हाच नियम आपल्यालाही लागू होतो.

‘आवश्यक’ आणि ‘पुरेसं’ यांतला फरक समजवायला मी वुजूचं उदाहरण घेतो. वुजू केला म्हणजे नमाज झाली असं नाही, पण वुजूशिवाय नमाज होत नाही. म्हणजे वुजू आवश्यक आहे, पुरेसा नाही. वर्गाला हे लगेच पटतं. एकदा मागच्या बाकावरून एका मुलाने हात वर केला. ‘सर, पाणीच नसेल तर? तयम्मुम करून नमाज होते की.’ बरोबर होतं त्याचं. मग फळ्यावरचं खोडून लिहिलं: आवश्यक आहे ती तहारत. वुजू हा ती मिळवण्याचा नेहमीचा मार्ग. पाणी नसेल तिथे दुसरा मार्ग आहे. परीक्षेतला सर्वांत फसवा पर्याय नेमका असाच असतो. विधानाला एखाद्या व्यापक गोष्टीची गरज असते आणि पर्यायात तिचा एकच विशिष्ट प्रकार दिलेला असतो. वाचताना तो ओळखीचा वाटतो, हात आपोआप तिकडे जातो. ‘फक्त’, ‘एकमेव’, ‘नेहमीच’, ‘सर्वोत्तम’ असे शब्द पर्यायात दिसले की दोन श्वास थांबावं, ते याचसाठी. ‘काही’, ‘निदान’, ‘शक्य आहे’ असे मवाळ शब्द असलेले पर्याय मुलांना बुळे वाटतात. पुष्कळदा उत्तर त्यांच्यातच असतं, कारण आवश्यक गृहीतक विधानाला लागतं तेवढंच मागतं.

हे शास्त्र इंग्रजी परीक्षांबरोबर आपल्याकडे आलं असं मुलांना वाटतं. माझा एक मित्र मदरशात मंतिक आणि उसूल-ए-फिकह शिकवतो. त्याला मी हा प्रश्नप्रकार दाखवला तेव्हा तो हसून म्हणाला, ‘ये तो इक्तिज़ा है.’ हनफी उसूलमध्ये इक्तिज़ाउन्नस म्हणून एक प्रकार आहे. शब्दांत सांगितलेलं नाही, पण जे मानल्याशिवाय वाक्य खरं किंवा ग्राह्य ठरत नाही, ते मानावं लागतं. त्याचं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जाणारं उदाहरण असं: एक माणूस दुसऱ्याला सांगतो की तुझा गुलाम माझ्या वतीने एक हजाराला आझाद कर. आता गुलाम माझ्या वतीने आझाद व्हायचा तर तो आधी माझ्या मालकीचा हवा. म्हणून विक्रीचा शब्दही कुणी उच्चारलेला नसताना आधी विक्री झाली असं धरतात. आणि फकीहांनी त्याला एक लगाम घातलाय: धरायचं ते गरजेपुरतं, त्याहून कणभरही जास्त नाही. सीसॅटचा अख्खा धडा या एका लगामात आला.

आपल्या मातीतल्या मीमांसकांनी यालाच अर्थापत्ती म्हटलं. त्यांचा देवदत्त प्रसिद्ध आहे. तो चांगला धष्टपुष्ट आहे आणि दिवसा जेवत नाही. मग तो रात्री जेवत असला पाहिजे, हे मानल्याशिवाय दोन्ही गोष्टींचा मेळ बसत नाही. हे उदाहरण मी रमजानच्या आधीच्या रविवारी सांगितलं, तर एक मुलगी म्हणाली, ‘सर, म्हणजे देवदत्ताचे रोजे चालू होते.’ त्या दिवशी कुणी जांभई दिली नाही. उसूलवाले आणि मीमांसक आपापल्या ग्रंथांच्या अर्थासाठी झटत होते आणि दोघांनाही एकाच जागी थांबावं लागलं. वाक्य जितकं बोलतं त्याहून जास्त काही त्याला लागतं, पण किती लागतं हे मोजून घ्यावं लागतं.

हे मोजून घेणं आपल्या मुलांना जड जातं. त्याचं एक कारण माझ्या हळूहळू लक्षात आलं. मुलं हुशार आहेत, वाचनही बऱ्यापैकी आहे, तरी गृहीतकाच्या प्रश्नात ती गरजेपेक्षा जास्त पर्यायांवर खूण करतात. ‘पहिलं आणि दुसरं दोन्ही’ हे त्यांचं आवडतं उत्तर. न बोललेलं ऐकायची सवय त्यांना घरापासून असते. पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाला फोनवर ‘खोली रिकामी आहे, संध्याकाळी या’ असं सांगतात. संध्याकाळी नाव सांगितलं की ‘अरेरे, आत्ताच एकाला दिली’ असं ऐकावं लागतं. असं तीन-चारदा झालं की कान तिखट होतात. प्रत्येक वाक्यामागे दुसरं वाक्य ऐकू यायला लागतं. कधी ते खरोखर असतं, कधी नसतं. परीक्षेत मात्र या तिखट कानांचेच गुण कापले जातात.

मी मुलांना सांगतो, कान तिखट आहेत ते राहू द्या, फक्त ऐकलेल्याचे तीन ढीग करा. पहिला ढीग: वाक्याला ज्याची गरजच आहे ते. ‘आत्ताच एकाला दिली’ या वाक्याला एवढंच लागतं की आपण विचारण्याआधी कुणीतरी दुसऱ्याने ती खोली घेतली. दुसरा ढीग: पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष. दुसऱ्या दिवशीही दारावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी लटकत असेल आणि दुसऱ्या नावाच्या मित्राला तीच खोली दाखवली जात असेल, तर कालचं वाक्य खोटं होतं असं म्हणायला आधार आहे. तो आधार आपण शोधून आणलेला असतो, वाक्याच्या पोटातून निघालेला नसतो. तिसरा ढीग: आपल्या अनुभवामुळे वाटलेलं. ते खरंही असेल, पण अजून तपासलेलं नाही. परीक्षेत पहिल्याच ढिगाला गुण आहेत. आयुष्यात दुसऱ्या ढिगाचं काम पडतं, तक्रार करायची तर तोच उपयोगी येतो. तिसरा ढीग माणसाला आतून पोखरतो, म्हणून तो वेगळा काढून ठेवता आला पाहिजे.

आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने ऐकलेलं एक वाक्य घ्या. ‘तुम्ही मराठी किती छान बोलता!’ याला काय लागतं? बोलणाऱ्याने वेगळी अपेक्षा केली होती, एवढं लागतं. सोलापूरच्या माणसाने सोलापूरच्या माणसाच्या मराठीचं कौतुक करावं, याला दुसरं कारण नाही. मुसलमानाची मराठी ती काय असणार, हे आधी ठरलेलं होतं. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला, हे त्या अपेक्षेच्या गावीही नसतं. पण त्या वाक्याला द्वेष लागतो का? उलटून पाहा. त्या माणसाच्या मनात आपल्याबद्दल कसलाही राग नाही असं मानलं तरी वाक्य जसंच्या तसं उभं राहतं. म्हणजे अज्ञान आवश्यक, द्वेष नाही. हे एकदा कळलं की उत्तर द्यायला सोपं जातं. मी हसून म्हणतो, ‘तुमचीही चांगली आहे की!’ समोरचा क्षणभर गोंधळतो, मग बहुतेक वेळा हसतो. त्याचं न बोललेलं वाक्य त्याला ऐकू गेलेलं असतं आणि आपल्याला भांडावंही लागत नाही.

आता थोडं अवघड उदाहरण. ‘मुस्लिम तरुणांना सरकारी नोकरीत रसच नाही. बघा ना, अधिकारी किती आहेत?’ हे बाहेरचेही म्हणतात आणि आपल्यातले बुजुर्गही. आकडे खरेच बोलके आहेत. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिमांची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेनुसार 13.4 टक्के आणि भारतीय प्रशासकीय सेवेतलं प्रमाण 3 टक्के, परराष्ट्र सेवेत 1.8 टक्के, पोलीस सेवेत 4 टक्के असं दिलेलं होतं. पण आकड्यांपासून ‘रस नाही’ इथपर्यंत यायला मधे एक न बोललेलं वाक्य लागतं: ज्याला रस आहे त्याला तयारीची संधी मिळतेच. ते उलटा. रस आहे, पण बारावीनंतर घर चालवायला कामावर जावं लागतं, गावात मार्गदर्शन नाही, पुण्यात दोन वर्षं राहायचा खर्च झेपत नाही. निष्कर्ष गळून पडला.

वर्गात इथपर्यंत सगळे माना डोलावतात. मग मी दुसरं विधान लिहितो: ‘अधिकाऱ्यांमध्ये आपण इतके कमी आहोत, म्हणजे निवड करतानाच आपल्याला डावललं जातं.’ हे आपल्या मोहल्ल्यातलं आवडतं विधान आहे. त्यालाही मधलं वाक्य लागतं: आपले पुरेसे उमेदवार निवडीच्या टप्प्यापर्यंत पोचतात. ते उलटलं की हा निष्कर्षही तसाच गळून पडतो. आणि सच्चर अहवालानेच नोंदवलंय की नागरी सेवा परीक्षेत मुळात मुस्लिम उमेदवारच कमी असतात, आणि जे बसतात त्यांचं यशाचं प्रमाण इतरांच्या जवळपासचंच असतं. वर्गात शांतता पसरते. एक-दोन चेहऱ्यांवर नाराजी दिसते, सर आपल्याच विरुद्ध बोलतायत अशी.

पण यातून भेदभाव नाहीच असा अर्थ निघत नाही. तेही गरजेपेक्षा जास्त धरणं होईल. शाळेत, भाड्याच्या घरात, खासगी नोकरीच्या मुलाखतीत काय होतं, याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. तो एवढंच सांगतो की या एका परीक्षेपुरती मोठी गळती परीक्षेच्या दाराबाहेर आहे. म्हणजे तिथे काही करता येण्यासारखं आहे. आपणच धरलेलं चुकीचं गृहीतक उचललं तर त्याच्याखाली काम सापडतं. ‘डावलतातच’ म्हणून अर्ज न भरणाऱ्या मुलाला हे कुणीतरी सांगायला हवं.

अभ्यासिकेतली एक गोष्ट याच तर्कातून बदलली. अभ्यासिका सुरू झाली तेव्हा खाली जिन्यापाशी सूचना लावलेली होती: ‘अभ्यासिका रोज रात्री आठ ते अकरा खुली राहील. मोहल्ल्यातील मुलामुलींनी लाभ घ्यावा.’ एका रविवारी मी तीच सूचना विधान म्हणून फळ्यावर लिहिली. पहिला पर्याय दिला: ‘मुलांना घरी अभ्यासाला जागा नाही.’ जवळजवळ सगळ्यांनी तो बरोबर ठरवला. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने तर वाद घातला. तिच्या घरी खालच्या खोलीत यंत्रमाग चालतो. ‘सर, घरी जागा असती तर इथे कोण आलं असतं?’ मी म्हटलं, तुझं म्हणणं खरं आहे, पण सूचनेला त्याची गरज नाही. घरी स्वतंत्र खोली आहे पण पुस्तक उघडलं की झोप येते, अशा मुलासाठीही ही सूचना तितकीच चालते. तुझं कारण तुझ्या तिसऱ्या ढिगात ठेव.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘सर, एक पर्याय मी सांगू? निदान काही मुलींना रात्री आठ ते अकरा घराबाहेर राहता येतं.’

मी तो फळ्यावर लिहिला. कुणी उलटून सांगायची गरज पडली नाही. एकाही मुलीला त्या वेळेला येता येत नसेल, तर ‘मुलामुलींनी’ या शब्दातला अर्धा भाग पोकळ होता. आणि रात्रीच्या अभ्यासिकेत तोवर एकही मुलगी बसलेली नव्हती. सूचना लिहिणारे वाईट नव्हते. त्यांनी ‘मुलामुलींनी’ असं मुद्दाम लिहिलं होतं, मुलींना वगळायचं नाही म्हणून. फक्त त्या शब्दाखाली काय धरलंय ते कुणी पाहिलं नव्हतं.

हा विषय आम्ही जमातीच्या बैठकीत मांडला. एक बुजुर्ग चाचा म्हणाले, ‘बेटा, आम्ही मुलींना कधी नको म्हटलं?’ खरंच कधी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं नव्हतं म्हणूनच ते खोडून काढायला अवघड होतं. बोललेल्या नकाराशी वाद घालता येतो. न बोललेल्याला आधी शब्दांत आणावं लागतं. तीन बैठका झाल्या. किल्ली कुणाकडे राहणार, दिव्याचं बिल किती वाढणार, खाली लग्न असेल त्या दिवशी काय, अशा सगळ्या चर्चा झाल्या. शेवटी दुपारी दोन ते सहा मुलींसाठी अशी वेळ ठरली. लग्नाच्या मोसमात अजूनही अडचण येते, लाउडस्पीकर लागतो आणि मुली पुस्तकं गुंडाळून घरी जातात. ते भांडण अजून चालू आहे. पण सूचनेतला शब्द आता भरलेला आहे.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी शेवटची एक गोष्ट. परीक्षा ‘हे धरलंय का’ एवढंच विचारते. ‘जे धरलंय ते खरं आहे का’ हा प्रश्न ती विचारत नाही. गृहीतक साफ खोटं असलं तरी विधानाला त्याची गरज असेल तर तोच पर्याय बरोबर असतो. उत्तरपत्रिकेसमोर बसताना आपली मतं, अनुभव, राग हे सगळं चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवावं. दोन तासांनी बाहेर आलात की चपला घाला आणि तो राहिलेला दुसरा प्रश्न विचारा. बातमीला विचारा, नेत्याच्या भाषणाला विचारा, जुम्याच्या तकरीरीला आणि घरातल्या मोठ्यांच्या ‘आपल्यात असं चालत नाही’लाही विचारा. कशाच्या आधारावर उभं आहे हे, आणि तो आधार खरा आहे का?

सवय लावायची असेल तर रोज एकच वाक्य घ्या. सकाळच्या वर्तमानपत्रातलं एक घ्या, नाहीतर मोबाइलवर आलेल्या संदेशातलं. त्याखाली ते न बोललेलं वाक्य वहीत लिहा, लागतं तेवढंच. मग उलटून पाहा. आठवड्यात दोन वाक्यं तरी आपल्या बाजूची असू द्या, नाहीतर सराव एका हाताचाच होईल.